ज्युरीला दिलेला तिळगूळ

वरदाताई माझी सख्खी मोठी बहीण, इंग्लंडात रीडिंगला हॉस्पिटलात नर्स. दर संक्रांतीला पेशंटपासून कार पार्कवाल्यापर्यंत सगळ्यांना तिळगूळ वाटायची आणि 'गोड बोला'चं इंग्लिश करून सांगायची.

तिच्या गाडीखाली येऊन एक सायकलवाला गेला. धोकादायक ड्रायव्हिंगचा खटला ज्युरीसमोर उभा राहिला. बॅरिस्टरनं बजावलं होतं, जज आले की उभं राहायचं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, आणि ज्युरीतलं कुणी बाहेर भेटलं तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. ताईनं सगळं पाळलं. त्या सायकलवाल्या मुलाची आई हुंदके देत होती, तेव्हाही ही डॉकमध्ये, आरोपीच्या काचेच्या पिंजऱ्यात, दगडासारखी बसून.

२००४ ची संक्रांत नेमकी खटल्याच्या मध्येच आली. सकाळी मी गाडी लावायला गेलो, तेवढ्यात कोर्टासमोरच्या बस स्टॉपवर हिला ज्युरीतली एक बाई दिसली. हिनं पर्समधून डबा काढला.

बाईनं आत जाऊन थेट जजना कळवलं. दुपारपर्यंत ज्युरी बरखास्त, ताईचा जामीन रद्द, खटला पुन्हा पहिल्यापासून.

तिला खाली कोठडीत नेत होते. मी डॉकच्या काचेशी धावलो. "अक्कल गहाण ठेवलीस का गं? एक दिवस ती सवय आवरता आली नाही?"

"सवय नव्हती रे," ती म्हणाली. "इतकी वर्षं नुसतं म्हणायचे. आज पहिल्यांदा मनापासून म्हटलं, गोड बोला."