ए डबा, बी डबा

माझा प्रोग्रॅम माझ्या बायकोने शेवटचा चालवला तो मेथी निवडता निवडता. दुसऱ्या दिवशी तिला कल्याणला हॉस्पिटलात दाखल करायचं होतं, पित्ताचे खडे काढायला. तरी संध्याकाळी ती मोहन्यातल्या आमच्या खोलीत नेहमीसारखी भिंतीला टेकून बसली, जुडी सोडली आणि म्हणाली, "हां, बोला. मशीन चालू झालं."

मी वहीतली दहा, वीस, तीस अशा नंबरांची एकेक ओळ वाचायचो आणि ती सांगितलं तेवढंच करायची. स्टोअरमध्ये वीसपेक्षा कमी बोल्ट उरले की मशीनने 'माल मागवा' म्हणायचं, एवढाच तो प्रोग्रॅम.

"बोल्ट किती?" मशीनने विचारलं.

"बारा."

ती मेथी खुडत राहिली.

"अगं, बोल की."

"काय बोलू?"

"माल मागवा म्हण."

"ते पन्नासाव्या ओळीत आहे. तुम्ही मला तिसावरून थेट साठावर पाठवलंत. पन्नासावर मी गेलेच नाही."

"बारा म्हणजे कमी, एवढं तुला कळत नाही?"

"मला कळतं. मशीनला कळत नाही. आणि आत्ता मी मशीन आहे."

मी तिसावी ओळ खोडली, कमी-जास्तचं चिन्ह उलटं करून पुन्हा लिहिली. मग ती म्हणाली, "माल मागवा." आणि त्याच सुरात पुढे, "देठं उचला." मी देठं गोळा करून बाहेर टाकून आलो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणाल तर ते.

ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी चौथी पास. जवळच्याच एका कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअरमध्ये काढलेली. चिठ्ठी बघून माल द्यायचो, कुठल्या खणात कुठला नट आहे ते डोळे मिटून सांगायचो. मग नवा साहेब आला आणि त्याच्यामागून कॉम्प्युटर आला. त्याला काचेची केबिन, एसी, वर झाकायला फुलाफुलांचं कापड. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आमच्या घरच्या देवाची एवढी बडदास्त कधी झाली नव्हती.

साहेबाने फर्मान काढलं. दिवाळीनंतर परीक्षा. बेसिक नावाच्या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहायचा आणि मशीनवर चालवून दाखवायचा. जमला तो स्टोअरमध्ये, न जमला तो प्लँटवर, तीन पाळ्यांत. प्लँट म्हणजे दिवसभर लोखंडी जिने. माझे गुडघे तेव्हाच गेलेले. बावन्नाव्या वर्षी ते जिने म्हणजे माझी नोकरी संपल्यातच जमा.

बोल्ट द्यायला प्रोग्रॅम लिहावा लागत नाही, हे मला पुढे कळलं. साहेब स्वतः नुकताच तो कोर्स करून आलेला. माणसाने नवा चष्मा घेतला की तो घरातल्या सगळ्यांचे डोळे तपासत सुटतो, तशातला प्रकार.

कल्याण स्टेशनबाहेरून मी एक मराठी पुस्तक आणलं, अगदी नवशिक्यांसाठीचं. पहिल्याच पानावर लिहिलेलं, संगणकाला घाबरू नका. तोपर्यंत मी घाबरलो नव्हतो. तिसऱ्या पानावर, 'आता हे टाइप करून पाहा.' कशावर? पोळपाटावर? साहेबाचं मशीन परीक्षेआधी आम्हाला हात लावायला बंद.

माझी बायको सातवी शिकलेली, त्यामुळे वाचायचं काम तिचं. तिने चार पानं वाचली आणि म्हणाली, "अहो, यात लिहिलंय की मशीनला अक्कल नसते, सांगाल तेवढंच करतं. लग्न झाल्यापासून मी या घरात दुसरं काय करतेय? मीच होते मशीन."

अशी आमची शाळा सुरू झाली. मी लिहायचो, ती चालवायची, आणि चूक निघाली की मी तिच्यावर ओरडायचो. ती शांतपणे सांगायची, "मशीनवर ओरडून उपयोग नाही. पान आठ."

एका धड्यात होतं, की 'चल' म्हणजे व्हेरिएबल, म्हणजे नाव लावलेला डबा. त्यात किंमत ठेवायची. तिने फळीवरचे दोन डबे काढले, भाताच्या शितांनी कागद चिकटवले. तूरडाळीचा ए डबा, चणाडाळीचा बी डबा. उदाहरण होतं, दोन्हींची अदलाबदल करा. मी झोकात लिहिलं, ए बरोबर बी.

"म्हणजे बीमधलं एमध्ये ओतू?"

"ओत."

"नक्की?"

"मशीन विचारतं का नक्की म्हणून? ओत!"

तिने ओतलं. पुढची ओळ, बी बरोबर ए. तिने सगळं परत बीमध्ये ओतलं. दोन्ही डाळी एका डब्यात आणि दुसरा डबा रिकामा. मी पुस्तकात डोकं घातलं. तिथे लिहिलेलं, नवी किंमत आली की आधीची पुसली जाते.

"बघ, तू चुकलीस. एमधली तूरडाळ पुसली जायला पाहिजे होती."

"पुसली म्हणजे कुठे गेली?"

"कुठे नाही. पुसली."

"मी मशीन असले तरी डाळ पुसणार नाही," ती म्हणाली आणि डबा घेऊन उठली.

तीन दिवस आम्ही ती मिश्र डाळ खाल्ली. मुलगी कळव्याला दिलेली, ती नेमकी त्यातच आली. पहिल्या घासाला तिने तोंड वाकडं केलं. "आई, वरणाला काय झालं गं?"

"तुझ्या बाबांचा प्रोग्रॅम झाला."

चौथ्या दिवशी कपडे वाळत घालताना बायकोने मला बाहेरूनच हाक मारली. "अहो, तिसरा डबा घ्या की! एक रिकामा असल्याशिवाय अदलाबदल होते का कुठे?" मी पुस्तकाचं पान उलटलं. तिथे तेच, तीन डब्यांच्या चित्रासकट. पुस्तकावर असा संतापलो! हे आधीच्या पानावर सांगायला काय झालेलं?

खरं मशीन तिने एकदाच पाहिलं, दसऱ्याच्या पूजेला. कारखान्यात त्या दिवशी घरच्यांना बोलवायचे. मशीनला झेंडूचा हार, कपाळावर हळदकुंकू. ती माझ्या कानात म्हणाली, "हे? हे तर टीव्हीला टाइपरायटर बांधलंय." पण पूजा म्हणजे पूजा. तिने मनापासून मूठभर अक्षता वाहिल्या, आणि त्या गेल्या बटणांच्या फटींत. पुढचे चार दिवस पाचाचा आकडा उठेना. साहेब प्रत्येकाला विचारत फिरला. मी म्हटलं, देव जाणे. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग चार अधिक एक लिहा म्हणावं. एवढा शिकलेला माणूस!"

दिवाळी झाली, परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि तिच्या पोटात दुखायला लागलं.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी ताप आला. आठव्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी कारण सांगितलं, पण मी त्यांच्या खिशातल्या पेनांकडे बघत होतो, तीन होती. ऐकलं काहीच नाही. रडणं मला जमत नाही. लोकांना ते बरं दिसलं नाही, हे मला माहीत आहे.

मधल्या दिवसांत बाकीच्यांची परीक्षा झाली. माझ्यासाठी साहेबाने तेराव्यानंतरचा दिवस ठेवलेला. तेराव्याच्या पंगती उठल्या आणि मी वही काढून बसलो. माझी मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, समोर येऊन उभी राहिली.

"भावोजी, उद्याच जाताय? अजून मांडव निघाला नाही. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. माझ्याऐवजी प्लँटचे जिने लोक चढणार आहेत का?"

ती रडत आत गेली. मुलगी म्हणाली, "मावशी, त्यांना जाऊ दे. आई असती तर तिनेच ढकलून पाठवलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, चहा स्वतः केला, तो फार गोड झाला, आणि कारखान्यात गेलो. माझं केस उतरवलेलं डोकं बघून साहेब खुर्चीतून उठला.

"काका, तुम्ही कशाला आलात? मी तुमचं पास लिहून टाकतो. अशा वेळी कसली परीक्षा?"

माणूस वाईट नव्हता. मला पाहिजे ते न मागता हातात देत होता. स्टोअर राहत होतं, जिने टळत होते. हो म्हणायला तोंड उघडलंही. पण मग ती तीन महिने भिंतीला टेकून मशीन झाली ती कशासाठी? माझी दया यावी म्हणून?

"साहेब, बायको गेलीय माझी, अक्कल नाही गेली. प्रश्न द्या."

तो दुखावला. त्याने प्रश्नाची चिठ्ठी पुढे सरकवली. तीन आकडे घ्यायचे, त्यांतला सगळ्यांत मोठा सांगायचा. मी चपला काढल्या, केबिनमध्ये बसलो. बोटं गारठली. एकेक बटण शोधून सगळं टाइप करायला तासभर गेला. चालवला तर मशीनने इंग्रजीत चूक दाखवली, चाळीसावी ओळ. मी ओरडलो नाही. ओळ पुन्हा लिहिली. दुसऱ्यांदा त्याने बरोबर आकडा सांगितला. साहेबाने आपले तीन आकडे घालून बघितलं, मग आणखी तीन, आणि कागदावर सही केली.

मी चपला घातल्या आणि स्टोअरच्या काउंटरमागे जाऊन उभा राहिलो. समोर एक फिटर कधीचा ताटकळत होता.

"अहो, अर्ध्या इंचाचे वॉशर द्या ना लवकर. मघापासून उभा आहे."

"आधी चिठ्ठी दाखव," मी म्हटलं.