साळूबाईंच्या घरची दोन बाळंतपणं

भोंगवलीत कुणाची सून बाळंत झाली, की घरातल्या म्हाताऱ्या आधी साळूबाईंकडे धावायच्या. बाळंतिणीचं पथ्य हा साळूबाईंचा प्रांत. काय खावं हे त्या फारसं सांगत नसत. काय खाऊ नये हे मात्र तोंडपाठ. डाळ वातूळ, केळं थंड, पालेभाजी खाल्ली की पोराला हिरवी शी, आणि पाणी जास्त प्यालं की बाईचं पोट सुटतं. मग उरलं काय? भाताची पेज, लसणाची कोरडी चटणी आणि अर्धी भाकरी. सुना माघारी नाक मुरडायच्या, पण पाळायच्या. साळूबाईंच्या तोंडाला लागणार कोण?

त्यांची स्वतःची सून प्रेरणा बाळंत झाली, तेव्हा तर साळूबाईंच्या चालण्यातच फरक पडला. प्रेरणाचं माहेर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला. आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही सासरीच. "आई न्हाई म्हनून काय झालं? म्या मेलेय व्हय?" हे त्यांनी डेअरीच्या रांगेत सगळ्यांना ऐकवलं. दवाखान्यात सिस्टरची पाठ फिरली तशी त्यांनी प्रेरणाचं पहिलं पिवळं दूध फडक्यावर पिळायला लावलं. "नासकं हाय त्ये. बाधंल पोरीला." नातीच्या जिभेला मधाचं बोट लावलं आणि सुटल्या. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "आईला पोटभर खाऊ द्या, पाणी भरपूर द्या. बाळाला फक्त अंगावरचं, वरचं काही नको." साळूबाईंनी कीर्तनात बसल्यासारखी मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायरीवरच ते झटकून टाकलं.

डिंकाचे लाडू केले नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. डबाभर केले. बाळ बघायला येईल त्याच्या हातावर एक, असे सगळ्या आळीनं मिळून संपवले. झाले होते फार छान! प्रेरणाच्या वाट्याला तळणीचा वास तेवढा आला.

महिना उलटला. नात अंगावर ओढायची, सोडायची, रडायची. तिच्या मांड्यांवरची कातडी सैल दिसायला लागली. प्रेरणाचे डोळे आत गेले. साळूबाईंनी निकाल दिला, "हिच्या अंगाला दूधच न्हाई."

हनुमंत, त्यांचा लेक, कापूरहोळच्या एका गॅरेजात कामाला. ट्रकचं आख्खं इंजिन खोलायला घाबरत नाही, आईपुढं मात्र त्याचा आवाज तळघरातून आल्यासारखा यायचा. "मग पावडरीचा डबा आणू का?"

"डबा कशाला? चांदी व्यायला झालीया. तिचं दूध पाणी घालून पाजू. म्हनून तर तिला जपतेय."

चांदी म्हणजे म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. आणि जपणं म्हणजे कसं? सरकी, पेंड, हिरवी वैरण, वेळच्या वेळी पाणी, अंगावर पोतं. घरात नातीला दूध पुरत नव्हतं, आणि ते आणायचा साळूबाईंचा रस्ता गोठ्यातून जात होता.

एका दुपारी चांदी व्याली. साळूबाईंच्या अंगात वारं शिरलं. शेजारपाजार जमला. "रेडकाला आदी पाजा! पयला चीक त्येच्या पोटात गेला पायजे. त्यातच त्याचा जीव हाय!" एवढं ओरडत त्या घाटा शिजवायला पळाल्या. बाजरी, गूळ, सुंठ, मेथ्या, वरून तेलाची धार. कोमट पाण्याची बादली चांदीपुढं सरकवली. "पी माझे बाय, पी. लई तहान लागली आसंल."

शेजारचा धनाजी खरवसाच्या आशेनं तांब्या घेऊनच आला होता. "वैनी, येवढा गूळ?"

"मग? खाल्लं तरच दूध देईल ना ती!"

धनाजीनं वर बघून हात जोडले. "देवा, पुढल्या जल्मी मला साळूवैनीची म्हस कर रं बाबा. सून नको करू!"

सगळा गोठा हसला. साळूबाईसुद्धा हसल्या. "चीक पायजे ना? मग त्वांड मीट."

मग त्या घरोघर चीक वाटायला निघाल्या. चौथ्या दारात शेफाली उभी, पोट दिसायला लागलेली. "काकू, माझं पथ्य तुमीच सांगायचं बरं का." साळूबाई फुलल्या. त्याच तंद्रीत, चीक संपला म्हणून पुन्हा भरून घ्यायला परतल्या.

गोठ्याचं दार लोटलेलं. त्यांनी ढकललं.

प्रेरणा घमेल्यापुढं उकिडवी बसली होती. नात एका हातावर, अंगाला लावलेली. दुसरा हात चांदीच्या घाट्यात. ती खात नव्हती, कोंबत होती. चांदी मान बाजूला घेऊन शांत उभी. सासूला बघताच प्रेरणानं हात घाट्यातून काढला. हनुवटीला बाजरीचे दाणे चिकटलेले.

"आत्या... थोडंच घेतलं. तिला ठेवलंय."

साळूबाईंनी पहिल्यांदा काय केलं असेल? मागं वळून बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. दार ओढून घेतलं. (गोठ्याची भिंत कुडाची आहे, तिला कान-डोळे कितीही असतात, ते त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं नाही.) मग त्यांचं लक्ष रेडकाकडे गेलं. पोट भरून ते पेंढ्यात झोपलं होतं. फडक्यावर पिळलेलं ते पिवळं दूध त्यांना आठवलं आणि कान तापले. धनाजीचं बोलणं आता कुठं त्यांच्यापर्यंत पोचत होतं. त्यांना ओरडायचं होतं, पण कुणावर?

"हात धू," एवढंच त्या म्हणाल्या.

प्रेरणाला वाटलं, आता शिव्या पडणार. ती घाबरून खोलीत गेली. थोड्या वेळानं साळूबाई ताट घेऊन आल्या. वरण, मेथीची भाजी, भाकऱ्या, वर तूप, शेजारी पाण्याचा भरला तांब्या. ताट ठेवलं आणि सुनेकडे न बघता तशाच माघारी फिरल्या. बाहेर चुलीपाशी त्यांनी पदर डोळ्यांना लावला. धूर काही तेवढा नव्हता.

संध्याकाळी हनुमंतनं विचारलं, "चांदीचं दूध पोरीला कधीपासून द्यायचं?"

"न्हाई द्यायचं."

"का? तूच तर म्हनालीस, हिला दूधच न्हाई."

"म्या लई काय काय म्हनते," साळूबाई म्हणाल्या. "उद्या दोघींना भोरला दाखवून आनू."

डॉक्टरीणबाईंनी बाळ तपासलं, प्रेरणाच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. "आई काय खाते?"

साळूबाईंनी फरशीकडे बघितलं. तेवढ्यात प्रेरणाच म्हणाली, "आत्या सगळं देतात."

कुणी चारचौघांत झोडपलं असतं, तर साळूबाईंनी परतून दोन दिले असते. आता मात्र एसटीत त्या सुनेशेजारी बसल्या नाहीत. मागच्या सीटवर, खिडकीला तोंड लावून आल्या.

दूध काही एका दिवसात वाढलं नाही. पण ताटं भरत गेली, प्रेरणा पोरीला घडीघडी पाजत गेली, आणि नातीच्या मांड्यांना वळ्या पडल्या. आळीनं विचारलं, "काय जादू केली साळूबाई?" त्या विषय बदलायच्या.

पुढं शेफाली बाळंत झाली. तिची सासू डेअरीच्या रांगेतच भेटली. "साळूबाई, पथ्य सांगा की. काय काय बंद करू?"

रांगेतल्या बायका कान टवकारून उभ्या. लेकीला कडेवर घेऊन प्रेरणाही तिथंच. साळूबाईंनी हातातली किटली खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"बंद न्हाई करायचं. पयलं दूध फेकू नको, त्येच आदी पाज," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "आन तुमच्या म्हशीला घालतीस ना, त्येवढं तरी सुनेला घाल."

रांग खो खो हसली. साळूबाईंच्या जिभेचा नेहमीचा फटका असंच सगळ्यांना वाटलं. प्रेरणा हसली नाही. ती लेकीचं टोपडं नीट करत राहिली, आणि साळूबाई डेअरीत दूध घालायचं विसरून, भरली किटली तशीच घेऊन घराकडे चालू लागल्या.