‘ळ’वरून शब्द

शब्दांच्या भेंड्यांत बाबांचा हुकमी डाव एकच, शेवटी ‘ळ’ येणारा शब्द. ‘ळ’वरून मराठीत शब्द सुरूच होत नाही, म्हणून आई कायम हरायची. काल दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी ऐटीत ‘बाभूळ’ टाकला.

आई सुपारी कातरता कातरता म्हणाली, “ळकार! अकार असतो, उकार असतो, तसा ळकार.”

मी बघतच राहिले. भिंत आडवी आली की आपण मुकाट मागे फिरतो. हिला मात्र तिथेच दार सुचलं. तेही भिंतीच्याच विटांचं!

बाबा उखडले, “रडीचा डाव!”

“झाला की तुमचा ‘र’,” आई हसली. “आता माझा ‘व’. विजय!”