विहीणबाईंचं वल्हं

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं आमचे शाळेतले मास्तर म्हणायचे. मी लेकीच्या सासरी चांगला आठवडाभर राहिलो. तेव्हा माझं काय गेलं ते तुम्ही ठरवा. आलं काय ते मी सांगतो.

गाव समुद्राकाठचं. गाव कसलं, वाळूवर वाळत घातल्यासारखी घरांची एक ओळ. शांतता इतकी की या टोकाला कोणी शिंकलं तर त्या टोकाहून विचारतात, "सर्दी झाली का?" सुरुंग लावून मोडलेला प्रवाळाचा खडक हे गाव आपल्या हातांनी पुन्हा उभा करतंय. वेल्डर लोखंडी सळयांचे सांगाडे जोडतो. बायका पाण्याच्या टबांत हात घालून त्यांवर पोवळ्याचे बोटाएवढे जिवंत तुकडे बांधतात. मग बुडी मारणारे ते सांगाडे नेऊन तळाशी रोवतात. बघायला लांबलांबून माणसं येतात. मी मात्र गेलो होतो विहीणबाईंना भेटायला.

लेकीच्या या सासूबाईंना गावात 'कानवाली' म्हणतात. होडीतून जायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं आणि दांड्याचं टोक कानाला लावायचं. जिवंत खडक तडतडतो, तापल्या तव्यावर मीठ पडावं तसा. त्याच्या कपारीत राहणाऱ्या बारक्या कोळंब्यांचा तो आवाज. मेलेला खडक मुका. म्हणजे सांगाडा रोवला की घर बांधून झालं. त्यात भाडेकरू आले की नाही, हे विहीणबाई सांगणार.

ते वल्हं त्यांच्या दाराशी टांगलेलं असतं. जोडीतलं दुसरं व्याह्यांबरोबर गेलं.

व्याह्यांना मी फोटोतच पाहिलंय. पाण्यातून वर येताना ते होडीच्या तळाला ठोका द्यायचे आणि उजव्या कडेला धरून वर चढायचे. ठोका ऐकू आला की विहीणबाईंनी डाव्या कडेला सरकायचं, म्हणजे होडी कलंडत नाही. नवराबायकोचं एवढं ठरलेलं. त्या दिवशी ते अडकलेला नांगर सोडवायला खाली उतरले आणि बाहेरून आलेल्या कोणीतरी मासे मारायला जवळच सुरुंग उडवला. खडक फुटला, एक वल्हं वाहून गेलं आणि व्याही काही वर आले नाहीत. शोधायला गेलेल्यांना विहीणबाई सापडल्या तेव्हा त्या डाव्या कडेला सरकून बसलेल्या होत्या. हलायला तयार नव्हत्या.

मी पोचलो त्याच संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, समुद्राकडचं मागचं दार लावू नका हं."

आता जन्माची सवय. झोपताना मी कडी घातलीच. सकाळी दार सताड उघडं, उंबरा ओला.

"मांजर आलं असेल," मी म्हटलं.

"कडी काढणारं?" लेक केर काढता काढता म्हणाली. "बाबा, या गावात मांजर नाही."

मी विषय बदलला. चहा घेताना विहीणबाईंना आमच्या मास्तरांची आणि बैलाची गोष्ट सांगायला घेतली. मास्तर मान खाली घालून हजेरी घेत होते, तेवढ्यात बैल वर्गात शिरला आणि नेमकं एका पोराचं नाव पुकारल्यावर हंबरला. मास्तरांनी वर न बघता त्या पोराला हजर लावलं. या गोष्टीला आजवर सगळे हसलेत. विहीणबाईही हसल्या. पण बैल वर्गात यायच्या आधीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी वल्हं काढलं. "चला व्याहीबुवा, समुद्र दाखवते."

होडीत बसल्यावर म्हणाल्या, "बोलायचं झालं तर माझ्याकडे तोंड करून बोला. माझे कान गेलेत. वर्ष होईल."

"आणि गावाला?"

"कोणाला माहीत नाही. ओठ बघून भागवते. तुमचे ओठ तर दमतच नाहीत, त्यामुळे सोपं जातं." मग हसू ओसरलं. "आज संध्याकाळी सभा आहे. ते गेले त्या जागेवर तीनदा सांगाडे रोवले. पोवळी कशीबशी जगतात, पण जागा मुकीच. आज बोलली तर सांगाडे राहतील. नाहीतर उचलून दुसरीकडे नेणार, आणि परत तिथे कोणी फिरकणार नाही. इतकी वर्षं ते त्या मुक्या पाण्यात आहेत. त्यांना तसं सोडून मी घरी कशी बसू?"

"मग बोलली म्हणून सांगा. कोण तपासतंय?"

"त्यांना फसवू? आवाज नसेल तर नसेल. म्हणून तर तुम्हाला आणलं. गावातलं कोणीही माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणेल. तुम्ही व्याही. विहिणीवर दया करायचा तुमच्यात रिवाजच नाही."

लग्नात मानापानावरून मी किती ताणलं होतं, ते त्यांच्या चांगलं लक्षात होतं.

जागेवर पाणी काळसर होतं. वारा पडलेला. मी डाव्या कडेवरून वल्हं सोडलं, दांडा कानाला लावला. तोल राहावा म्हणून विहीणबाई उजवीकडे बसल्या. आधी नुसतंच पाणी. भिंतीपलीकडे कोणी श्वास रोखून उभं असावं, तशी शांतता. मला तिथून निघावंसं वाटू लागलं. मग अगदी खालून एक तड. थांबून दुसरी. आणि मग तवा तापावा तसं सगळंच तडतडायला लागलं.

मी त्यांच्याकडे तोंड वळवलं. "बोलतेय."

"व्याहीबुवा, खरं सांगा."

"बोलतेय, विहीणबाई. अगदी माझ्यासारखी. मध्ये श्वाससुद्धा घेत नाही."

त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात तळाला ठोका बसला.

एकच, खणखणीत. दांड्यातून तो माझ्या कानात, कानातून दातांत गेला. सांगाडा खाली खोल होता. होडीच्या आसपास आदळण्यासारखं काहीच नव्हतं. विहीणबाईंना तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. तळव्यांना कळला की आणखी कशाला, कोण जाणे. पण डोळे मिटलेलेच ठेवून त्या उठल्या आणि सरकून डाव्या कडेला, माझ्या शेजारी येऊन बसल्या.

आम्ही दोघं एका बाजूला. मी तर तसाही जड. इतकी चिंचोळी होडी उलटायलाच हवी होती. मी कड घट्ट धरली.

होडी कलली नाही. सरळ उभी राहिली. समोरची उजवी कड ओली झाली होती.

बराच वेळ आम्ही तसेच बसलो.

संध्याकाळी सभेत विहीणबाई उभ्या राहिल्या. आधी कान गेल्याचं सांगून टाकलं, मग म्हणाल्या, "जागा बोलते. माझे व्याही साक्षीला आहेत."

"आजोबा, नक्की ना?" वेल्डरने विचारलं. "की यातही एखादा बैल आहे?"

सगळे हसले; माझी बैलाची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती. "तडतडतेय," मी म्हटलं. "जाऊन ऐका हवं तर."

सांगाडे राहिले. विहीणबाई बाकावर डाव्या टोकाला बसल्या होत्या. माणसं दाटीवाटीने उभी होती, तरी त्यांच्या उजव्या हाताची जागा कोणी घेतली नाही.

त्या रात्री मागचं दार मी स्वतःच उघडं ठेवलं.