नारळाचा मान

नवी होडी पालघर किनाऱ्यावरच्या नवापूरच्या रेतीत उभी होती. पुढच्या बाजूला निळ्या रंगात ठळक नाव होतं : भावना. जिचं ते नाव, ती बाई होडी सोडून सगळीकडे पाहत होती.

भावना याच गावची. पालघरच्या कॉलेजातून मुंबईला, तिथून दिल्लीला गेली. भारत-पाकिस्तानमधल्या सागरी सीमेवर तिने प्रबंध लिहिला, एका अभ्यास संस्थेत नाव कमावलं. मच्छीमार पकडले गेले की वाहिन्या तिलाच फोन करतात. ती मोजकं बोलते आणि कुणाची बाजू घेत नाही, अशी तिची ख्याती.

तिचा चुलतभाऊ रूपेश गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. बोट पकडली गेली आणि तो कराचीच्या तुरुंगात गेला. त्याच सुमारास दोन्ही देशांच्या अभ्यासकांची परदेशात बैठक झाली. चहाच्या वेळी पलीकडच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने भावनाला आपणहून विचारलं, “तुमच्या माहितीतला कुणी आहे का? असेल तर नाव द्या, शब्द टाकून बघतो.”

संस्थेच्या संचालकपदासाठी तेव्हा तिचा विचार चालू होता. ही घरची कामं घेऊन येते, असं कुणी म्हणायला नको होतं. “व्यक्तीपेक्षा प्रश्न महत्त्वाचा,” ती म्हणाली. परतल्यावर रूपेशच्या बायकोचा, शकूचा, फोन आला. अशा बैठकीत आपल्या माणसाचं नाव घेता येत नाही, हे भावनाने तिला नीट समजावून सांगितलं. शकूने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

पुढे भावना संचालक झाली. रूपेश त्यानंतरही दोन वर्षं आतच होता. मग बऱ्याच जणांना एकदम सोडलं, त्यात तो सुटला.

आणि आता गाव म्हणत होतं, भावनाने सोडवला; रूपेशने नव्या होडीला तिचंच नाव दिलं होतं.

तिने शकूला होडीच्या आडोशाला गाठलं. “ते नाव पुसायला सांग. मी काही केलेलं नाही.”

“मला सांगतेस?” पूजेचं ताट सावरत शकू म्हणाली.

“मग गावात हे कुणी पसरवलं?”

“मीच. त्याच्यासाठी सरकारी हापिसात गेलं का दारात उभं ठेवायचे. दिल्लीची भावना माझी नणंद, म्हटलं का खुर्ची यायची, च्या यायचा. तू त्याचं नाव नाय घेतलं, मी तुझं घेतलं. फिटलं.”

“रूपेशला तरी खरं सांगते.”

“खबरदार! ताई हाय, ताई सोडवंल, असं म्हणत त्यानं तिकडं दिवस काढले. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून त्याचं तेवढं पण काढून घेशील?”

भावना पुन्हा होडी सोडून दुसरीकडे पाहू लागली. परिसंवादात ती असं कधी करत नसे.

तेवढ्यात रूपेश नारळ घेऊन आला. तुरुंगात त्याचे पुढचे दोन दात गेले होते, पण हसू तोंडभर होतं. “ताई, फोड. तुज्याबिगर कुणाचा मान नाय.”

नारळ हातात आला. भावनाने मान खाली घातली आणि तो शकूच्या हातात ठेवला. “हिने फोडायचा. मान हिचा आहे.”

शकूने तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि एका फटक्यात नारळ फोडला.

“बघा रं,” मागून एक म्हातारा म्हणाला, “केवडी मोठी झाली, पण मोठेपणा नाय.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात रूपेशने.