अठराव्या पायरीची दवंडी

‘अठरावी पायरी’ हा पिक्चर आमच्या गल्लीतल्या निदान दीडशे माणसांनी पाहिला आहे. त्यातल्या भुताचं काम मी केलं होतं, त्यामुळे मला खात्रीनं माहीत आहे की तो पिक्चर कधी निघालाच नाही. निघाला तो त्याचा ट्रेलर, अडीच मिनिटांचा. बाकीचा सगळा कुठून आला ते सांगतो. पण त्याआधी जोतीरामतात्यांबद्दल बोललं पाहिजे, आणि दुसऱ्यांबद्दल बोलायला मला आग्रह कधीच लागत नाही. मंगळवार पेठेत माझी पिठाची गिरणी आहे. दळण कमी येतं, बातम्या जास्त.

तात्या माझे सख्खे शेजारी. एका थिएटरचा टांगा हाकायचे. टांग्याच्या दोन्ही अंगाला पिक्चरचे बोर्ड, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात पत्र्याचा भोंगा. घोडीचं नाव बिजली. तिला हे नाव ज्यानं दिलं असेल त्यानं तिला चालताना पाहिलं नसणार, कारण ती निम्मा रस्ता झोपेतच कापायची. चौक आला की आपोआप थांबायची आणि तात्या भोंगा तोंडाला लावायचे. आवाज मोठा नव्हता. खोल होता. घागरीत तोंड घालून कुणी आपलंच नाव घेतंय असं वाटायचं. ‘आजपासून रोज तीन खेळ’ एवढंच बोलले तरी बायका भाकरी तव्यावर टाकून दारात यायच्या. गल्लीतल्या किती भाकरी तात्यांनी करपवल्या याचा हिशेब फक्त माझ्याकडे आहे.

आता गंमत अशी की तीस वर्षं पिक्चर सांगणाऱ्या या माणसानं एकही पिक्चर पुरा पाहिला नव्हता. खेळ सुरू झाला की तात्यांची पुढच्या खेळाची फेरी सुरू. मध्येच आत डोकावले तर कुणाचं तरी लग्न चाललेलं असायचं नाहीतर कुणीतरी मरत असायचं, तेवढं बघून हे बाहेर. गोष्ट त्यांना छापील पत्रकावरून कळायची. उरलेली ते बिजलीला सांगत सांगत जुळवायचे.

पण शब्दाचे पक्के. एकदा शुक्रवारी नवा पिक्चर लागायचा होता आणि रिळांची पेटी रेल्वेवाल्यांच्या गडबडीत हातकणंगल्यालाच उतरली. मॅनेजर म्हणाला, उद्यावर ढकलू. तात्यांनी सकाळपासून सगळ्या पेठांत सांगितलं होतं. ते काही न बोलता टांगा घेऊन हातकणंगल्याला गेले आणि संध्याकाळच्या खेळाला पेटी आणून ठेवली. घोडी त्या दिवशी प्रथमच पूर्ण जागी दिसली. ‘मी सांगिटलंतं आज म्हणून,’ एवढंच तात्या बोलले.

चौऱ्याहत्तर साली माझ्या गिरणीच्या माडीवर त्र्यंबक नावाचा पोरगा भाड्यानं राहायचा. गडहिंग्लजचा. कलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता आणि पायजम्याला कायम रंग. त्याच्या वर्गाला परीक्षेसाठी जाहिरात करायची होती, वाटेल त्या मालाची. बाकीच्यांनी कागदावर चित्रं काढली. यानं ठरवलं, भुताच्या पिक्चरचा ट्रेलर करायचा. स्टुडिओत कुणाची तरी ओळख काढून उरल्यासुरल्या फिल्मचे तुकडे मिळवले आणि घड्याळासारखी चावी देऊन चालवायचा एक म्हातारा कॅमेरा दोन दिवसांसाठी मागून आणला.

गोष्ट एवढीच होती: एका विहिरीला सतरा पायऱ्या आहेत, पण अमावास्येला मोजल्या तर अठरा भरतात. त्या अठराव्या पायरीवर एक बाई बसलेली असते.

‘आकारामकाका, तुम्ही भूत व्हा,’ त्र्यंबक म्हणाला. ‘तुमच्या तोंडाला काही फासायलाच नको. गिरणीतून थेट चला.’

‘अरे, पण भूत बाई हाय न्हवं?’

‘तुम्ही पाठमोरेच बसायचं. शेवटी थोडी मान वळवायची, बस.’

आतून आमची मंडळी म्हणाली, ‘आणि मिशी? ती कुठं वळीवनार?’

मिशी मी काढणार नव्हतो. शेवटी पदर नाकापर्यंत ओढायचा असा तह झाला.

कळंब्याच्या वाटेवर एका मळ्यात पायऱ्यांची विहीर होती. त्या दिवशी तात्यांची फेरी संध्याकाळीच होती म्हणून आम्हांला तेच टांग्यातून घेऊन गेले. चैत्रातलं ऊन टाळूवर, उसाच्या पानांचा खुळखुळ आवाज, आणि पांढरं लुगडं नेसून मी पायऱ्या उतरतोय. मोटेजवळचा गडी मला बघून जो गेला तो बैल सोडायलाही परत आला नाही. मी म्हटलं, ‘त्र्यंबक, भर दुपारी कोण भिणार रं?’ त्यानं कॅमेऱ्यापुढं लाल काचेचा तुकडा धरला. ‘यातनं बघा. आभाळ काळं पडतं. फिल्मवर ही रात्र दिसणार.’

मी बघितलं, हूं म्हटलं. तात्यांनी बघितलं आणि काच सोडलीच नाही. विहीर, ऊस, घोडी, मी, सगळ्यांकडे त्या काचेतून बघत राहिले. त्या काचेत सगळं कसं थांबल्यागत दिसायचं, पाण्याखालचं असल्यासारखं. मीसुद्धा त्यात कुणीतरी दुसरीच बाई होतो.

‘मग ही रात काचंत हाय का उनात हाय?’ तात्यांनी विचारलं.

त्र्यंबक चावी द्यायच्या नादात होता.

फिल्म धुऊन आली, जोडली. पण ती मुकी. आवाज भरायचा तर मुंबई गाठायला हवी. तेव्हा त्र्यंबक तात्यांकडे गेला. थिएटरच्या मॅनेजरनं एका रविवारी दुपारच्या खेळाआधी ट्रेलर दाखवायचं कबूल केलं होतं. तात्यांनी पडद्यामागं उभं राहून भोंग्यातून बोलायचं.

मी पहिल्या रांगेत होतो. अंधार झाला. पडद्यावर विहीर आली आणि तिच्यातूनच तात्यांचा आवाज आला. ‘सतरा पायऱ्या हाईत. मोजून घ्या.’ मग एक पाय दिसायचा, एक पायरी, आणि तात्या सावकाश आकडा बोलायचे. सतरापर्यंत आले आणि गप्प झाले. पडद्यावर ती बाई पाठमोरी बसलेली. मान वळू लागली. आता ती बाई मीच, लुगडं आमच्या घरचं, हे मला पुरतं ठाऊक. तरी मी पाय खुर्चीवर घेतले. मागं कुणीतरी रडायला लागलं. आणि अक्षरं आली: लवकरच येत आहे.

खेळ सुटल्यावर तात्यांनी त्र्यंबकला गाठलं. ‘कंच्या शुक्रवारी?’

पोरगं खुशीत होतं. वर बघून म्हणालं, ‘लवकरच, तात्या.’

झालं. दुसऱ्या दिवसापासून तात्यांनी थिएटरच्या पिक्चरबरोबर आपल्या मनानं हाही सांगायला सुरुवात केली. ‘अठरावी पायरी. लवकरच येनार.’ दोन आठवडे, सगळ्या पेठांतून. गिरणीत दुसरा विषय नाही. केरबा न्हाव्यानं सांगितलं की ती बाई कर्नाटकातली आहे. मी ऐकून घेतलं. एक म्हातारी मला म्हणाली, ‘त्या बाईचं डोळं बगिटलास? लई सोसलंय तिनं.’ मी तिला पाव किलो पीठ जास्त घातलं.

मग त्र्यंबक पेढे घेऊन आला. वर्गात पहिला आला होता. तात्या माझ्याच ओट्यावर बसले होते. पेढा हातात धरून म्हणाले, ‘ब्येस झालं. आता पिक्चर कवा?’

‘कसला पिक्चर?’

‘ह्योच की.’

त्र्यंबक हसला. ‘तात्या, पिक्चर नाहीच आहे. अभ्यास होता तो. जाहिरात करायची होती. कुणी साबणाची केली, कुणी छत्रीची.’

‘साबण असतोय की,’ तात्या म्हणाले. ‘छत्री बी असती.’

त्र्यंबकला हसू आवरायला वेळ लागला. तात्या पेढा तसाच ओट्यावर ठेवून उठले. ‘तीस वरसं सांगालोय मी,’ ते माझ्याकडे बघून म्हणाले. ‘सांगिटलं आणि आलं न्हाय, असं एकदा बी झाल्यालं न्हाय.’

तीन दिवस टांगा निघाला नाही. मॅनेजरला निरोप गेला, घोडी आजारी आहे. घोडी झोपली होती, पण ते तिचं नेहमीचंच. मला वाटलं, जरा हसवावं. भिंतीवरून डोकं काढून म्हटलं, ‘तात्या, भूत इचारालंय, माझा पगार कवा?’ तात्यांनी वर पाहिलंही नाही. माझ्या थट्टेला शिवी मिळते, चप्पल मिळते, ते चालतं. गप्प बसणं मला नवीन होतं.

दुपारी त्यांच्या धोंडुबाई दळण घेऊन आल्या. ‘जेवत्यात,’ म्हणाल्या, ‘पन बोलत न्हाईत. घोडीसंगट बी बोलंनात. काल मी म्हनलं, आवं, लोक इसरत्यात. तर ह्येच म्हनले, लोक इसरतील गं, मी सांगिटलंय न्हवं.’

चौथ्या दिवशी सकाळी तात्या गिरणीत आले. दाढी केलेली, डोक्याला पटका. ‘आकाराम, तुझ्या गिरणीमागची जागा रयवारी मोकळी हाय का?’

‘हाय की. कशाला?’

‘पिक्चर हाय.’

आणि टांगा निघाला. भोंग्यातला तोच घागरीतला आवाज: ‘अठरावी पायरी. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता. आकारामच्या गिरणीमागं. एकच खेळ.’ मी त्र्यंबककडे पाहिलं, त्र्यंबकनं माझ्याकडे. सकाळी आठला, उघड्यावर, उन्हात. तात्यांचं डोकं फिरलं अशी बातमी माझ्या गिरणीतूनच सुटली असती, पण का कोण जाणे, मी त्या आठवड्यात तोंडावर पीठ बसू दिलं आणि गप्प राहिलो.

रविवारी माणूस मावेना. पोती अंथरली, पोत्यांवर बायका, भिंतीवर माणसं. ‘पडदा कुठं हाय?’ ‘मशीन कुठं हाय?’ कुणीतरी म्हणालं, ‘तात्या, फशिवलासा व्हय?’ तात्या टांग्यात उभे होते. त्या दिवशी भोंगा हातात नव्हता.

‘सगळ्यांनी उनाकडं त्वांड करा,’ ते म्हणाले. ‘आता डोळं मिटा. काय दिसालंय?’

माना वळल्या, पापण्या मिटल्या. मग एक बाई म्हणाली, ‘लाल.’

‘व्हय, लालच. तीच काच हाय ती. आता हितं रात झाली.’

मी डोळे मिटले होते. कोवळं ऊन पापण्यांवर ऊबदार पडलं होतं आणि आत सगळं तांबडं, हळूहळू काळपट होत जाणारं. खरंच रात्र झाली. त्या रात्रीत तात्या बोलू लागले. गाव दिसलं, वेशीचा पिंपळ दिसला. नवीन लग्न होऊन आलेली सून कळशी घेऊन विहिरीवर निघाली, तिच्या पैंजणांचा आवाज आला. नंतर मला कळलं की तो बिजलीच्या गळ्यातल्या घुंगरांचा होता, पण तेव्हा तो पैंजणांचाच होता. सासू दिसली. सुनेचा नवरा गारगोटीच्या बाजाराला गेला आणि चार दिवस आला नाही. सून रोज पायऱ्या मोजायची, कारण घरात तिच्याशी कुणी बोलत नसे आणि आकडे तरी तिचे होते. एका अमावास्येला सतरानंतर ती अठरा म्हणाली, आणि जिथं पाणी असायचं तिथं पायरी होती. तिथं आणखी कुणीतरी बसलं होतं, आणि जागा देण्यासाठी जरा सरकलं.

तास दीड तास गेला असेल. कुणी उठलं नाही. शेवटी तात्या म्हणाले, ‘ती खाली हाय. वाट इसरलीया. वरनं कुनी मोजलं तर आवाजाच्या धाग्यानं वर यील. मोजूया का?’

‘एक,’ ते म्हणाले. दोनला चार-पाच आवाज होते. पाचला निम्मी गल्ली होती. दहाला माझी मंडळी, धोंडुबाई, भिंतीवरचे सगळे, हळू आवाजात, डोळे मिटून. प्रत्येक आकड्याला ओलं पाऊल जवळ येत होतं. पंधरा. सोळा. सतरा.

अठरा कुणी म्हणालं नाही. दीडशे माणसं आणि घोडीचा श्वास, एवढंच. मग तात्या म्हणाले, ‘झाला पिक्चर. डोळं उघडा.’ ऊन इतकं पांढरं होतं की सगळेच एकमेकांना पिठात बुडवून काढल्यासारखे दिसत होते.

धोंडुबाई उठल्या, नवऱ्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, ‘आला की.’ तात्यांनी लगाम घेतला आणि दुपारच्या फेरीला निघून गेले.

पुढं थिएटरनं रिक्षा घेतली, तिच्यावर टेप लागली. बिजली गेली. त्र्यंबक मुंबईला जाहिरातीच्या कंपनीत मोठा माणूस झाला. गेल्या दिवाळीला आला होता, तेव्हा म्हणाला, ‘काका, ती सरकून जागा देते तो शॉट आठवतो? त्या शॉटला मला फार त्रास झाला होता.’ मी म्हटलं, व्हय, ऊनच तसं होतं. असा शॉट आम्ही घेतलाच नव्हता, पण ते पोरगं खोटं बोलत नव्हतं.

परवा थंडीच्या सकाळी तात्या माझ्या ओट्यावर ऊन खात बसले होते. आता आवाज अगदी खाली गेला आहे, जवळ कान न्यावा लागतो.

‘आकाराम, एक इचारू का?’

‘इचारा की.’

‘त्या दिशी तुम्ही समद्यांनी डोळं मिटलंतं. मला लोकांकडं बघून बोलायचं हुतं, मी उघडंच ठेवलंतं.’ त्यांनी पटका सारखा केला. ‘मला कुठं बगाय मिळाला त्यो पिक्चर?’

मी गिरणीचा पट्टा उतरवला. घरघर थांबली तशी गल्ली एकदम लांब गेल्यासारखी वाटली. ‘त्वांड उनाकडं करा,’ मी म्हटलं. ‘मिटा डोळं. लाल झालं का?’

‘झालं.’

मग मी सांगत गेलो. पिंपळ, वेस, कळशी. पैंजण. दळण घेऊन आलेल्या दोघी दारातच थांबल्या आणि डबे खाली ठेवून त्यांनीही तोंड उन्हाकडे केलं. आम्ही उतरत उतरत सतराव्या पायरीपर्यंत आलो. खाली ती पाठमोरी बसली होती. हळूच तिची मान वळली.

तात्यांनी डोळे मिटूनच माझा हात धरला. ‘मिशी दिसालीया का रं?’

‘न्हाय, तात्या,’ मी म्हटलं. ‘अजिबात न्हाय.’