काचेवरचं कुंकू

घरातल्या मेलेल्या माणसाच्या फोटोला तुम्ही कुंकू कुठं लावता, कपाळाला की काचेला?

हसू नका, आठवून सांगा. बोट काचेला टेकतं, माणूस काचेच्या आत असतो. ठिपका कधी भुवईवर पडतो, कधी नाकावर. अमावस्येला आपण तसबिरी पुसतो, ठिपका नव्याने लावतो, आणि तो वाकडा पडलाय हे कुणाला दिसतही नाही. आमच्या फाट्यावरचा खोटेपणा या न दिसण्याच्या आडोशाला उभा आहे.

फाट्यावर माझ्या आत्याची खानावळ आहे. सगळं गाव तिला अक्का म्हणतं. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, ज्वारीची भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी. आत्या तरुण असताना सिनेमातल्या एका फार मोठ्या नटाची गाडी इथं बंद पडली आणि तो तिच्याकडे जेवला. तेव्हा एका फोटोवाल्याने फोटो काढला. मधे नट, शेजारी तांब्या घेतलेली आत्या, मागे पत्रा आणि चूल. तो फोटो खानावळीतच टांगलेला असायचा, धुराने पिवळा पडलेला. ट्रकवाले विचारायचे, "अक्का, खरंच आलता का त्यो?"

"दोन भाकरी मागून घेतल्या वरून. खोटा माणूस एवढं खाईल व्हय?" आत्या म्हणायची.

मग आमच्या भागातले पुढारी आले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. "अक्का, फोटो खराब व्हायलाय. मोठा करून आणतो," म्हणाले. आत्याने स्वतःच्या हाताने खिळ्यावरून काढून दिला. परत काही आला नाही.

त्याऐवजी फाट्यावर फ्लेक्स आला. नट तोच, त्याचं हसूही तेच. पण आत्याच्या जागी अण्णांचे वारलेले वडील उभे होते, आणि पत्र्याच्या जागी त्यांच्या मळ्याची विहीर. खाली मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलं होतं की थोर कलावंताचं स्वागत या मळ्यात झालं. म्हणजे मळा फाट्यापर्यंत होता. म्हणजे खानावळीची जागाही अण्णांची. तिथं आता स्वागताची कमान होणार, तेव्हा अक्कांनी चूल उचलावी, असा निरोप आला.

माझे वारलेले वडील, अप्पा, हँडबिलं लिहून वाटायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्या उरलेल्या हँडबिलांवर. त्या अमावस्येला त्यांच्या फोटोला कुंकू लावताना ठिपका भुवईवर गेला आणि मी बोट तसंच धरून थांबले. असा ठिपका मी कालच पाहिला होता. चप्पल घालून सरळ फाट्यावर गेले.

फ्लेक्सवर अण्णांच्या वडिलांच्या डाव्या भुवईवर काळा ठिपका होता; जुन्या फोटोशी जुळावा म्हणून रंग काढला होता, त्यात लाल कुंकू काळं झालं होतं. घरातल्या तसबिरीचा फोटो काढताना काचेवरचं कुंकूही आलं होतं. ज्या दिवशी ते जिवंत उभे असल्याचं सांगितलं जात होतं, त्या दिवसाच्या फोटोत त्यांच्या तोंडावर मेलेल्या माणसाचं कुंकू होतं.

कमानीच्या भूमिपूजनाला सगळं गाव होतं. मी उभी राहून विचारलं, "अण्णा, तुमच्या वडलांच्या भुवईवर हे काय हाय?"

"तीळ हाय त्यो."

"मग अर्धा तीळ रुमालावर कसा चढला?"

ठिपका खरंच अर्धा भुवईवर, अर्धा डोक्याच्या रुमालाच्या काठावर होता. आधी बाया हसल्या, मग मागची माणसं. एकजण ओरडला, "तीळ रांगायलाय की रं!" अण्णांच्या मांडीला मांडी लावून बसलेलेही हसले. मला वाटलं, झालं आपलं काम.

अण्णा हसू ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "पाव्हण्याला कुंकू लावताना उडालं असंल. तू तवा जन्मली व्हतीस का ग? बापाचीच लेक तू. कागद वाटून पोट भरत न्हाई."

आणि टाळ्या पडल्या. आत्ता हसलेल्यांनीच त्या वाजवल्या. त्यांत म्हातारी माणसं होती. आत्याच्या हातची भाकरी आयुष्यभर खाल्लेली, तो फोटो रोज पाहिलेली. एकानेही तोंड उघडलं नाही. कुणी बूट बघत होतं, कुणी मोबाईल. अण्णांच्या खोट्याचा मला एवढा राग नाही. त्यांना लाभ आहे. ह्यांना काय होता?

खानावळीत येऊन मी सगळं सांगितलं. आत्या भाकरी थापत होती.

"हसले म्हणतीस? म्हंजे कळलंय त्येन्ला."

"कळलंय तर गप कामून बसले?"

"उद्या अण्णाच्या दारात जायचं असतंय," ती म्हणाली. मग भाकरी उलटत, माझ्याकडे न बघता, "माझा तांब्या तरी ठिवायचा व्हता त्यात."

कमानीचे खड्डे आता चुलीपर्यंत आले आहेत.

तो फोटो एकच नव्हता. फोटोवाल्याने पुढच्या जत्रेत त्याच्या प्रती विकल्या होत्या, असं आत्या सांगते. खजुरी, निंबर्गा, मादन हिप्परगा या आसपासच्या गावांतल्या माणसांनी नटाच्या हौसेने त्या घेतल्या. म्हणून हे हँडबिल लिहिलं. आज घरी तसबिरींच्या मागे बघा, ट्रंकेच्या तळाशी बघा. नटाशेजारी तांब्या घेतलेली बाई दिसली, तर तो फोटो कुणालाही मोठा करायला देऊ नका. स्वतः घेऊन फाट्यावर या, आणि चार माणसांत तोंडाने सांगा की ही अक्का आहे.